अभिजात नाटकाचे अध्यापन आणि डिजिटल साधने : एक आढावा

नाटकाची संहिता प्रयोगासाठी लिहिलेली असते, आणि तरीही शाळा-महाविद्यालयांत ती बहुधा कादंबरीसारखी वाचली जाते, ही अभिजात नाटकाच्या अध्यापनातील मूळ अडचण आहे. कालिदास, सोफोक्लीज, शेक्सपिअर किंवा अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे नाटक अभ्यासक्रमात आले, की कथानक, स्वभावचित्रण, भाषाशैली आणि संदर्भासहित स्पष्टीकरण अशा खणांत ते वाटले जाते. कोणते पात्र कोणाकडे पाहून बोलते, कोण गप्प उभे असते, एखादे वाक्य कोठे तोडले म्हणजे त्याचा अर्थ बदलतो, हे प्रश्न वर्गात सहसा निघतच नाहीत. गेल्या सुमारे चाळीस वर्षांत संगणक, आंतरजाल, चित्रफिती आणि अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्या साहाय्याने ही अडचण दूर करण्याचे अनेक प्रयत्न झाले. सर्वाधिक काम शेक्सपिअरच्या नाटकांवर झाले असल्याने या प्रश्नाचा विचार तेथूनच सुरू करावा लागतो. मात्र संस्कृत आणि मराठी नाटकांकडे वळल्यावर काही अगदी वेगळे प्रश्न समोर येतात आणि त्यांची चर्चा अद्याप पुरेशी झालेली नाही.

अध्यापनातील बदलाची मागणी तंत्रज्ञानाने निर्माण केलेली नव्हती, ही गोष्ट आरंभीच लक्षात घ्यायला हवी. इंग्लंडमध्ये रेक्स गिब्सन यांनी १९८६ मध्ये केंब्रिज येथे 'शेक्सपिअर अँड स्कूल्स' हा प्रकल्प सुरू केला, तेव्हा विद्यार्थ्यांनी बाके बाजूला सारून संवाद मोठ्याने म्हणावेत, तेच वाक्य वेगवेगळ्या हेतूंनी उच्चारून पाहावे, असा त्यांचा आग्रह होता. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या फोल्जर शेक्सपिअर ग्रंथालयाने १९९३ पासून 'शेक्सपिअर सेट फ्री' ही शिक्षकांसाठीची ग्रंथमाला याच धोरणाने काढली, आणि रॉयल शेक्सपिअर कंपनीने २००८ मध्ये जाहीर केलेल्या आवाहनात नाटक उभे राहून करा, रंगमंचावर प्रत्यक्ष पाहा आणि लहान वयात सुरुवात करा, अशा तीन मागण्या केल्या. या तिन्ही मागण्या संगणकाविना पूर्ण होऊ शकतात. म्हणून एखादे साधन विद्यार्थ्याला संवादाच्या, उच्चाराच्या आणि निवडीच्या जवळ नेते की त्यांपासून दूर सारते, या कसोटीवरच त्याची पारख करणे रास्त ठरते.

पहिल्या पिढीतील साधनांची झेप मोठी होती. ग्रेगरी क्रेन यांनी १९८५ पासून आखलेल्या 'पर्सियस' या प्रकल्पाने ग्रीक शोकनाट्यांची मूळ संहिता, तिचे भाषांतर आणि शब्दकोश यांची अशी सांगड घातली, की ग्रीक शब्दावर टिचकी मारताच त्याचे मूळ रूप, विभक्ती आणि अर्थ पडद्यावर यावा. ग्रीक न येणारा विद्यार्थीही त्यामुळे 'अँटिगनी'तील कळीचा शब्द मूळ संहितेत कोठे कोठे आला आहे, हे शोधू शकला. १९९४ मध्ये व्हॉयेजर कंपनीने काढलेली 'मॅकबेथ'ची सीडी-रॉम या दृष्टीने अधिक बारकाईने पाहण्यासारखी आहे. तिच्यात संपूर्ण संहिता आणि तिचे ध्वनिमुद्रण एकत्र चालत होते, कठीण शब्दांचे अर्थ ओळीशेजारीच मिळत होते, ऑर्सन वेल्स, अकिरा कुरोसावा आणि रोमन पोलान्स्की यांच्या चित्रपटांतील तुकडे तुलनेसाठी दिलेले होते, आणि शिवाय एक सोय अशी होती, की विद्यार्थ्याने एक भूमिका निवडावी, तिचे संवाद ध्वनिमुद्रणातून गळावेत आणि समोरच्या नटाच्या संवादाला विद्यार्थ्याने स्वतःच्या आवाजात उत्तर द्यावे. नाटक वाचणाऱ्याला बोलायला लावणारी ही कल्पना पुढच्या काळातील अनेक महागड्या साधनांपेक्षा श्रेष्ठ होती. पण ती ज्या संगणकांसाठी तयार झाली होती ते संगणकच काळाबरोबर मागे पडले आणि आज ती सीडी सहजासहजी चालवता येत नाही. छापील पुस्तक शंभर वर्षांनीही उघडता येते, तर डिजिटल साधन दहा-पंधरा वर्षांत निकामी होऊ शकते. शिक्षणसंस्थांनी अशा साधनांवर खर्च करताना हे भान ठेवणे आवश्यक आहे.

आंतरजालामुळे संहिता सर्वांच्या हाती आली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी म्हणजेच एमआयटीच्या संकेतस्थळावर १९९३ मध्ये शेक्सपिअरची सर्व नाटके विनामूल्य उपलब्ध झाली. मात्र त्यांचा पाठ एकोणिसाव्या शतकातील ग्लोब आवृत्तीवर आधारलेला होता, आणि त्या आवृत्तीनंतरच्या संपादनशास्त्राचा त्याला स्पर्श नव्हता. ही त्रुटी भरून काढण्यासाठी कॅनडातील व्हिक्टोरिया विद्यापीठात मायकेल बेस्ट यांनी १९९६ मध्ये 'इंटरनेट शेक्सपिअर एडिशन्स' हा प्रकल्प उभारला, आणि पुढे ब्रिटन-अमेरिकेतील ग्रंथालयांनी जपलेल्या 'हॅम्लेट'च्या १६४२ पूर्वीच्या ३२ छापील प्रतींची छायाचित्रे एकत्र पाहण्याची सोय 'शेक्सपिअर क्वार्टोज अर्काइव्ह'ने केली. क्वार्टो म्हणजे एका नाटकाची लहान आकाराची सुटी छापील प्रत आणि फोलिओ म्हणजे १६२३ मध्ये निघालेला समग्र नाटकांचा मोठा ग्रंथ.

या प्रतींमुळे वर्गात नेमके काय करता येते, हे 'किंग लिअर'च्या शेवटावरून स्पष्ट होते. या नाटकाची १६०८ ची क्वार्टो आणि १६२३ चा फोलिओ यांत सुमारे ४०० ओळींचा फरक आहे. क्वार्टोतील सुमारे ३०० ओळी फोलिओत नाहीत आणि फोलिओतील सुमारे १०० ओळी क्वार्टोत नाहीत. नाटकाचे अखेरचे भाषण क्वार्टोत ऑल्बनीच्या तोंडी आहे, तर फोलिओत तेच एडगरला दिलेले आहे. हृदयाला फुटून जाण्याची विनवणी करणारी ओळ क्वार्टोत मरणारा लिअर स्वतः उच्चारतो आणि फोलिओत ती केंटकडे जाते. त्यामुळे एका पाठात राजा आपणहून प्राण सोडू पाहतो, तर दुसऱ्यात कॉर्डेलियाच्या ओठांकडे पाहा असे सांगत, कदाचित ती जिवंत आहे या भ्रमातच, तो कोसळतो. ही दोन पाने पडद्यावर शेजारी ठेवून वर्गाचे दोन गट केले आणि प्रत्येकाने आपापला शेवट मोठ्याने वाचला, तर पाठभेद ही केवळ संशोधकांची बाब नसून नाटकाचा अर्थच त्यावर उभा असतो, हे कोणत्याही व्याख्यानाविना कळते. विंदा करंदीकरांच्या 'राजा लिअर'चा शेवट या दोन प्रतींशी ताडून पाहण्याचे काम मराठीच्या वर्गालाही देता येते, आणि 'नटसम्राट' शिकवण्यापूर्वी ते दिले तर अप्पासाहेब बेलवलकरांच्या शेवटाकडे विद्यार्थी अधिक सावधपणे पाहतील.

संस्कृत नाटकांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. 'अभिज्ञानशाकुंतल' हे नाटक बंगाली, देवनागरी, काश्मिरी, मैथिल आणि दाक्षिणात्य अशा वेगवेगळ्या पाठपरंपरांमधून आले आहे. बंगाली परंपरेतील तिसरा अंक देवनागरी परंपरेतील अंकापेक्षा बराच मोठा आहे. विल्यम जोन्स यांचे १७८९ चे इंग्रजी भाषांतर बंगाली पाठावरून झाले, तर महाराष्ट्रातील महाविद्यालयांत मोरेश्वर रामचंद्र काळे यांची देवनागरी पाठाची आवृत्ती पिढ्यान्‌पिढ्या वापरात राहिली. आंतरजालावर 'शाकुंतल' शोधणाऱ्या विद्यार्थ्याला समोर आलेला पाठ कोणत्या परंपरेचा आहे, हे बहुधा कोठेही सांगितलेले नसते. दुसरी हानी त्याहून मोठी आहे. संस्कृत नाटकात राजा आणि ऋषी संस्कृत बोलतात, शकुंतला आणि तिच्या सख्या शौरसेनी प्राकृतात बोलतात, पद्ये महाराष्ट्री प्राकृतात गातात आणि सहाव्या अंकातील कोळी मागधीत बोलतो. छापील आवृत्त्यांत प्राकृताखाली त्याचे संस्कृत रूपांतर, म्हणजे छाया, दिलेली असते, आणि परीक्षेच्या घाईत विद्यार्थी फक्त छायाच वाचतात. परिणामी सर्व पात्रे एकाच भाषेत बोलत असल्याचा समज होतो आणि दरबारातल्या भाषेपुढे शकुंतलेची भाषा वेगळी पडते, हे नाट्य पूर्णपणे नाहीसे होते. डिजिटल संहितेत प्रत्येक भाषेला वेगळा रंग देणे, छाया झाकून ठेवणे आणि गरज पडेल तेव्हाच उघडणे, प्रत्येक पात्राचा उच्चार ऐकवणे, हे सहज शक्य आहे. १९८७ पासून विकसित होत आलेल्या 'टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह' या आंतरराष्ट्रीय संकेतपद्धतीत बोलणारे पात्र, रंगसूचना, पद्य-गद्य आणि भाषा यांची खूण संहितेतच घालण्याची तरतूद आहे. या खुणांमुळे एकदा तयार केलेली संहिता वाचन, शोध आणि प्रयोग या तिन्ही कामांना उपयोगी पडते. महाराष्ट्री प्राकृताशी मराठीचे नाते शिकवताना 'शाकुंतल'सारखे साधन हाताशी असूनही त्याचा असा उपयोग होत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

प्रयोगांच्या चित्रमुद्रणाने वर्गाचे रूप सर्वाधिक बदलले. लंडनच्या नॅशनल थिएटरने २००९ मध्ये 'फेद्र' या नाटकापासून चित्रपटगृहांत थेट प्रक्षेपण सुरू केले, ग्लोब नाट्यगृहाने २०१४ मध्ये आपल्या प्रयोगांचे आंतरजालीय दालन उघडले, आणि पीटर डोनाल्डसन यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या एमआयटीच्या 'ग्लोबल शेक्सपिअर्स' या संग्रहात जगातील अनेक भाषांतील प्रयोग एकत्र आले. या संपत्तीचा मोह असा, की शिक्षकाने दोन तासांची चित्रफीत लावावी आणि तास संपवावा. परंतु चित्रमुद्रण म्हणजे प्रयोग नव्हे. रंगमंचावर प्रेक्षकाला कोणाकडे पाहायचे याचे स्वातंत्र्य असते, तर चित्रफितीत ती निवड कॅमेऱ्याने आधीच करून टाकलेली असते आणि बोलणाऱ्याचा चेहरा दिसत असताना ऐकणाऱ्याचा चेहरा चौकटीबाहेर जातो. अमेरिकेतील आर्कान्सा विद्यापीठाच्या संशोधकांनी शाळांच्या गटांची सोडतीने विभागणी करून दोन वर्षांत पाच प्रयोग केले आणि २०१८ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रत्यक्ष नाटक पाहिलेल्या विद्यार्थ्यांत सहिष्णुता, दुसऱ्याच्या दृष्टीने पाहण्याची क्षमता आणि नाटकाच्या कथानकाची व शब्दसंपदेची जाण अधिक आढळली. त्याच कथेचा चित्रपट पाहिलेल्यांत हा लाभ दिसला नाही. या निष्कर्षातून चित्रफिती टाकून द्याव्यात असे ठरत नाही, पण त्या प्रत्यक्ष प्रयोगाची जागा घेतात हा दावा टिकत नाही. चित्रफितीचा खरा उपयोग तुलनेत आहे: एकाच प्रसंगाचे तीन-तीन मिनिटांचे दोन तुकडे, दोन वेगळ्या दिग्दर्शकांचे, लागोपाठ दाखवून नटाने कोठे थांबायचे ठरवले आणि का, असे विचारले की विद्यार्थी पुन्हा संहितेकडे वळतो.

विजय तेंडुलकरांच्या दोन नाटकांबाबत ही तुलना मराठीतही शक्य आहे, कारण 'शांतता! कोर्ट चालू आहे' वर सत्यदेव दुबे यांनी १९७१ मध्ये आणि 'घाशीराम कोतवाल'वर युक्त या गटाने १९७६ मध्ये चित्रपट केला. 'घाशीराम'च्या मूळ प्रयोगातील ब्राह्मणांची मानवी भिंत कधी आडपडदा होते, कधी जमाव होते, कधी कारस्थान झाकते; संहितेत ती काही रंगसूचनांपुरती उरते आणि कॅमेरा तिचा एखादाच भाग दाखवतो. ती संपूर्ण भिंत कळण्यासाठी वर्गातील दहा-बारा विद्यार्थ्यांनी हात धरून रांगेत उभे राहणे, हाच उपाय आहे.

संगीत नाटकाचा प्रश्न याहून नाजूक आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात 'संगीत शाकुंतल'चा प्रयोग झाला, १८८२ मध्ये 'सौभद्र' आले, आणि त्यानंतर सुमारे अर्धशतक मराठी रंगभूमीवर पदांचे राज्य होते. छापील संहितेत पदावर राग, ताल किंवा चाल एवढीच नोंद असते. तिच्यावरून संगीत न शिकलेल्या विद्यार्थ्याच्या कानात काहीही वाजत नाही. येथे डिजिटल ध्वनिमुद्रण अमूल्य आहे, आणि बालगंधर्वांसह अनेक गायक-नटांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका आज भ्रमणध्वनीवर ऐकता येतात. मात्र शिक्षकाने एक गोष्ट सांगितली नाही, तर या ध्वनिमुद्रिका दिशाभूल करतात. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटेच मावत. रंगमंचावर तेच पद आलापांनी, प्रेक्षकांच्या वन्समोअरने आणि गायकाच्या लहरीने कितीतरी लांबत असे, आणि त्या लांबण्यामुळे कथानक थांबते की भावना गडद होते, हाच संगीत नाटकावरील जुना वाद होता. तीन मिनिटांचे पद ऐकून त्या वादाचा पत्ताही लागत नाही. गोव्यात गावोगावच्या उत्सवांत आणि कला अकादमीच्या स्पर्धांत संगीत नाटके आजही होतात. अशा प्रयोगांचे एकसलग, कापछाट न केलेले चित्रमुद्रण वर्गासाठी जुन्या तबकड्यांइतकेच मोलाचे ठरेल.

संगणकाने संहिता मोजण्याच्या पद्धतींचा गवगवा बराच झाला. फ्रँको मोरेत्ती यांनी २०११ मध्ये 'हॅम्लेट'मधील कोणते पात्र कोणाशी बोलते याचे जाळे काढून, त्यातून हॅम्लेट किंवा होरेशिओ वगळला तर काय उरते, हे दाखवले. 'व्हॉयंट'सारख्या विनामूल्य साधनाने शब्दांची वारंवारता काही क्षणांत मिळते. मराठीत मात्र ही साधने जशीच्या तशी चालत नाहीत. सुभद्रेने, सुभद्रेला, सुभद्रेचा ही संगणकाच्या लेखी वेगवेगळी पदे असतात, कारण विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात. जुन्या पुस्तकांच्या छायाचित्रांतून अक्षरे ओळखणारे ओसीआर तंत्र जोडाक्षरांवर अडखळते. आणि युनिकोडपूर्व टंकांत साठवलेल्या संहिता दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हांत उघडतात. असे असले तरी जाळे कागदावर, हाताने काढता येते आणि त्यातून उत्तम प्रश्न निघतात. 'सौभद्र'चे जाळे काढताना यतिवेषातील अर्जुन आणि उघड अर्जुन यांना एकच बिंदू द्यायचा की दोन, हे ठरवावेच लागते. कारण सुभद्रा ज्याच्याशी बोलते तो तिच्या लेखी अर्जुन नसतो, प्रेक्षकाच्या लेखी असतो. नाटकातील सगळी गंमत त्या एका निर्णयात आहे आणि तो संगणक घेऊ शकत नाही.

प्राचीन नाट्यगृहांच्या त्रिमितीय प्रतिकृती, आभासी वास्तव आणि खेळ यांच्याबद्दल थोडक्यात सांगता येईल. रिचर्ड बीचम यांच्यासारख्या संशोधकांनी रोमन नाट्यगृहांच्या संगणकीय प्रतिकृती केल्या आणि प्रतिकृतीतील पुरावा कोणता व अंदाज कोणता हे नोंदवण्याचा दंडक 'लंडन चार्टर'ने घालून दिला. प्रेक्षक आणि नट यांतील अंतर समजण्यास त्या उपयोगी आहेत. २०१० मध्ये 'रोमिओ आणि ज्युलिएट' ट्विटरवर पाच आठवडे खेळवण्याचा रॉयल शेक्सपिअर कंपनीचा प्रयोग चर्चेत राहिला, पण त्यात शेक्सपिअरची भाषाच नव्हती, म्हणून अध्यापनात त्याचे मोल मर्यादित आहे.

सर्वांत स्वस्त साधन विद्यार्थ्याच्या खिशात आहे. 'एकच प्याला'त सनद तहकूब झालेल्या सुधाकरापुढे तळीराम पहिला प्याला ठेवतो, तो प्रसंग तीन गटांनी भ्रमणध्वनीवर तीन तऱ्हांनी मुद्रित करावा: एका गटाने तळीराम खरोखर कळवळलेला मित्र मानावा, दुसऱ्याने सावज हेरणारा, तिसऱ्याने स्वतःच्याच व्यसनाला सोबत शोधणारा. मग वर्गाने तिन्ही मुद्रणे ऐकावीत, प्रत्येक गटाने सुधाकराच्या उत्तरापूर्वी किती क्षण थांबणे पसंत केले ते पाहावे, आणि कोणत्या वाचनाला संहितेतील कोणते शब्द आधार देतात हे दाखवावे. वर्गात उभे राहून बोलायला संकोचणारी मुलेमुली कोपऱ्यात जाऊन मुद्रण करताना मोकळी होतात, आणि आपला आवाज पुन्हा ऐकल्यावर दुसऱ्यांदा अधिक विचार करून वाचतात. १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धांमुळे महाविद्यालयांत अभिनयाची हौस आणि जाण मुबलक आहे. ती तालमीच्या खोलीत राहते आणि भाषेच्या वर्गात येत नाही, एवढीच उणीव आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी संवादयंत्रे २०२२ च्या अखेरीपासून विद्यार्थ्यांच्या हाती आली आहेत. ती नाटकाचा सारांश सफाईने लिहितात, आणि त्याच सफाईने संहितेत नसलेले प्रसंग व वाक्येही लेखकाच्या नावावर खपवतात. आंतरजालावर मजकूर कमी असलेल्या मराठी नाटकांबाबत हा धोका अधिक आहे. यंत्राने लिहिलेला 'शारदा'चा सारांश वर्गासमोर ठेवून त्यातील चुका मूळ पुस्तकातून शोधायला लावणे, हा या साधनाचा सध्याचा सर्वांत प्रामाणिक उपयोग होय.

कायद्याची बाजू शिक्षकांना वाटते तितकी अवघड नाही. भारतीय स्वामित्वहक्क कायद्यानुसार अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेले पुनर्मुद्रण, तसेच संस्थेतील विद्यार्थी, शिक्षक व पालक यांच्यापुरता मर्यादित प्रयोग यांना सूट आहे. मात्र तेच मुद्रण सार्वजनिक संकेतस्थळावर चढवले की सूट संपते. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतो, त्यामुळे वि. वा. शिरवाडकर आणि विजय तेंडुलकर यांची नाटके अनुक्रमे २०५९ आणि २०६८ च्या अखेरीपर्यंत संरक्षित राहतील.

शासकीय पातळीवर २०१७ मध्ये 'दीक्षा' हे राष्ट्रीय व्यासपीठ आले आणि बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर संकेत छापले जाऊ लागले. मार्ग तयार झाला, पण नाट्यउताऱ्याच्या संकेतामागे जर पाठाचे स्पष्टीकरण करणारी चित्रफीतच असेल, तर जुनीच पद्धत नव्या पडद्यावर आली एवढाच त्याचा अर्थ होतो. त्या जागी एकाच उताऱ्याची दोन भिन्न वाचने ठेवली, तरी शिक्षकाला पुरेसे साहित्य मिळेल.

मराठीपुरते पाहिले तर पहिली गरज विश्वसनीय संहितेची आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर (मृत्यू १८८५), गोविंद बल्लाळ देवल (१९१६), राम गणेश गडकरी (१९१९) आणि कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर (१९४८) या चौघांचीही नाटके स्वामित्वहक्कातून मुक्त झालेली आहेत. त्यांच्या पहिल्या आवृत्त्या, नाटक मंडळ्यांच्या उपलब्ध रंगावृत्त्या आणि पदांची ध्वनिमुद्रणे एकत्र आणून, पात्र, रंगसूचना आणि राग-ताल यांच्या खुणांसह युनिकोडमधील पाठ तयार करणे हे महाराष्ट्र आणि गोव्यातील विद्यापीठांच्या मराठी, संगीत व नाट्य विभागांना एकत्र येऊन करता येण्याजोगे काम आहे. त्याची सुरुवात 'सौभद्र'पासून व्हावी आणि तो पाठ कोणत्याही शाळेला विनामूल्य उतरवून घेता यावा.